पहिला साप कोणता? बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक यांची पारख

श्रावण लागला की सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते. गोरक्षनाथांनी येथील महाजनांच्या घरी मातीच्या नागाऐवजी जिवंत नागाची पूजा सुरू करून दिली, अशी या गावची आख्यायिका आहे. नागपंचमीच्या आधी काही दिवस शेताबांधांवर फिरून नाग शोधायचे, मडक्यात जपून ठेवायचे आणि सण झाला की पुन्हा रानात सोडून द्यायचे, ही रीत तेथे पिढ्यानपिढ्या चालत आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची पूजा व मिरवणूक थांबली आणि प्रतिमापूजन सुरू झाले. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पारंपरिक ज्ञानाचे जतन आणि शिक्षण या हेतूंसाठी २१ नाग पकडण्याची अल्पकालीन परवानगी दिली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला.

सापाशी इतके जुने नाते असलेल्या या मुलुखातील तरुणाला मोबाइलच्या पडद्यावर नारिंगी रंगाचा कॉर्न स्नेक मनगटावर गुंडाळलेला दिसतो, किंवा चेंडूसारखा वेटोळे करून बसलेला बॉल पायथन दिसतो, तेव्हा आपणही असा एखादा साप पाळावा, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. जगभरातील हौशी लोक पहिला साप म्हणून प्रामुख्याने याच दोन जातींचा विचार करतात. दोन्ही बिनविषारी आहेत, दोन्ही बेताच्या आकाराच्या आहेत आणि दोन्ही माणसाच्या हाताळणीला सरावतात. तरीही त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि सातारा-सांगलीच्या हवामानात तो फरक अधिकच ठळक होतो.

आधी कायद्याची मर्यादा

या तुलनेपूर्वी एक गोष्ट स्पष्ट असणे आवश्यक आहे. शेतात, विहिरीत किंवा घराच्या वळचणीला सापडलेला कोणताही देशी साप घरी ठेवून पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी पकडणे हासुद्धा शिकारीचाच प्रकार मानला जातो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, नाग, घोणस आणि धामण हे आपल्याकडचे नेहमीचे साप पहिल्या परिशिष्टात आहेत. या परिशिष्टातील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. धामण बिनविषारी आहे, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे भले करते, म्हणून ती पिंजऱ्यात ठेवली तर काय बिघडले, हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही.

मांडुळाची कथा तर याहून दुःखद आहे. शेपटीचे टोक बोथट असल्यामुळे त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात. गुप्तधन दाखवणारा किंवा पैशांचा पाऊस पाडणारा साप, अशा भाकडकथांमुळे या निरुपद्रवी प्राण्याचा काळाबाजार चालतो. मांडूळ बाळगणारा आणि विकणारा असे दोघेही कायद्याच्या कचाट्यात सापडतात आणि मांडुळाचा जीव मात्र विनाकारण हकनाक जातो.

म्हणूनच साप पाळण्याचा विचार करणाऱ्यापुढे परदेशी जातींचाच पर्याय उरतो. त्यातही कागदपत्रांचा प्रश्न आहेच. त्याचा विचार पुढे केला आहे.

दोन पाहुण्यांची ओळख

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांचा रहिवासी. अजगरांच्या कुळातील असला तरी तो आपल्याकडच्या अजगरासारखा प्रचंड होत नाही. पूर्ण वाढीचा साप साधारण तीन ते पाच फुटांचा, जाडजूड आणि संथ असतो. दिवसा उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून बसायचे आणि रात्री बाहेर पडायचे, असा त्याचा दिनक्रम. ओठांवरील खळग्यांमधील उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या अवयवांमुळे अंधारातही त्याला उष्ण रक्ताचे भक्ष्य उमगते. घाबरला की तो डोके मध्ये लपवून शरीराचा गोळा करतो. नावातील ‘बॉल’ त्यावरूनच आला.

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याचीही लांबी तीन ते पाच फूट भरते, पण अंगाने तो सडपातळ आणि चपळ असतो. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर तो सापडत असे, तसेच त्याच्या पोटावरील काळे-पांढरे चौकोन मक्याच्या रंगीत दाण्यांसारखे दिसतात. या दोन्ही गोष्टी त्याच्या नावामागे सांगितल्या जातात. आपल्याकडचा तस्कर हा साप अंगकाठीने आणि सवयींनी बराचसा त्याच्यासारखा आहे. कॉर्न स्नेक चढतो, उकरतो, फटी शोधतो. पेटीचे झाकण बोटभर उघडे राहिले, तरी तो पसार होतो.

आटपाडीचा कोरडेपणा, महाबळेश्वरचा पाऊस

साप आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी लागते. बॉल पायथनला उबदार बाजूला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश तापमान लागते. कॉर्न स्नेकला उबदार बाजूला २८ ते ३० अंश पुरतात आणि थंड बाजू २२ ते २४ अंशांवर असली तरी तो समाधानी राहतो. रात्रीचा थोडा गारवाही तो सहज सोसतो.

साताऱ्यात हिवाळ्याच्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे त्याहूनही खाली जातो. अशा वेळी बॉल पायथनच्या पेटीला तापपट्टी आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणारा थर्मोस्टॅट अनिवार्य ठरतो. वीज काही तास गेली, तर पर्यायी व्यवस्था असावी लागते. थंडीत गारठलेल्या सापाला अन्न पचत नाही. गिळलेले भक्ष्य तो ओकून टाकतो आणि श्वसनमार्गाचा संसर्गही त्याला चटकन होतो. उघड्या तोंडाने श्वास घेणे, घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे येणे ही त्याची लक्षणे. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली तापपट्टीही तितकीच घातक असते. पोटाखालचा चटका सापाला वेळेवर जाणवत नाही आणि तो भाजून निघतो.

उन्हाळ्यात चित्र उलटे होते. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली काचेची पेटी भट्टीसारखी तापते. कॉर्न स्नेकला अति उष्णता बाधते आणि पस्तिशीच्या वर बराच काळ राहिलेले तापमान दोन्ही सापांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पेटी घरातील सर्वांत थंड, सावलीच्या खोलीत असावी. खिडकीतले थेट ऊन काचेवर पडता कामा नये.

ओलाव्याचा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांत पूर्व-पश्चिम बदलतो. साताऱ्याचे माण-खटाव आणि सांगलीचे आटपाडी-जत हे तालुके कोरडे, अवर्षणप्रवण आहेत. बॉल पायथनला हवेत ५० ते ६० टक्के, कात टाकण्याच्या दिवसांत त्याहूनही अधिक ओलावा लागतो. तो मिळाला नाही, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची पातळ झिल्ली तशीच चिकटून राहते आणि शेपटीच्या टोकाशी अडकलेल्या कातीमुळे तेथील रक्तप्रवाह खुंटतो. याउलट जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या पश्चिम भागात पावसाळ्याचे तीन-चार महिने भिंतींनाही ओल येते. कॉर्न स्नेकला ४० ते ५० टक्के ओलावा पुरेसा असतो. सतत दमट राहिलेल्या पेटीत त्याच्या पोटाकडचे खवले सडू लागतात. पेटीतील अंथरूण वेळच्या वेळी बदलणे आणि हवा खेळती ठेवणे हा त्यावरचा उपाय. साधा वर्तमानपत्राचा कागद नवशिक्याला यासाठी उत्तम. तो स्वस्त आहे, लगेच बदलता येतो आणि विष्ठा किंवा परोपजीवी कीटक त्यावर चटकन दिसतात.

एकूण हिशेब असा, की कोरड्या आणि थंड भागात बॉल पायथन अधिक काळजी मागतो, तर अतिवृष्टीच्या पट्ट्यात कॉर्न स्नेकसाठी स्वच्छतेची दक्षता वाढवावी लागते. यांपैकी दुसरे काम नवशिक्याच्या आवाक्यातले आहे. पहिल्यासाठी उपकरणे, वीज आणि सतत लक्ष या तिन्हींची गरज असते.

उपोषणाला बसणारा साप

साप दूध पितो, हा समज चुकीचा आहे. हे दोन्ही साप मांसाहारीच आहेत आणि पाळलेल्या सापाला उंदीरच द्यावे लागतात. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्या कॉर्न स्नेकला दहा ते पंधरा दिवसांनी आणि मोठ्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी एक भक्ष्य पुरते. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, हा सोपा ठोकताळा.

येथे दोघांच्या स्वभावातील सर्वांत मोठा फरक दिसतो. कॉर्न स्नेक सहसा अन्न नाकारत नाही. बॉल पायथन मात्र ऋतू बदलला, पेटी हलवली, लपायला जागा अपुरी वाटली किंवा वरवर काहीही कारण नसले, तरी आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने अन्नाला शिवत नाही. अनुभवी माणूस अशा वेळी त्याचे वजन करतो, तापमान तपासतो आणि थांबतो. नवशिका घाबरतो, सापाला वारंवार हाताळतो, निरनिराळे भक्ष्य पुढे करतो आणि उपोषण आणखी लांबवतो.

भक्ष्य कोठून आणायचे, हा या भागातला कळीचा प्रश्न आहे. ऊसपट्ट्यात उंदरांची वाण नाही. पण शेतातला किंवा घरात पकडलेला उंदीर पाळीव सापाला कधीही देऊ नये. त्याने उंदीर मारण्याचे औषध खाल्लेले असू शकते आणि त्याच्या अंगावर व पोटात परोपजीवी असतात. खाद्यासाठी मुद्दाम वाढवलेले, गोठवलेले उंदीर पाण्यात वितळवून, कोमट करून चिमट्याने देणे ही सुरक्षित पद्धत आहे. जिवंत उंदीर पेटीत सोडला आणि सापाने तो घेतला नाही, तर उंदीरच सापाला कुरतडतो. घरातल्या शीतकपाटात उंदरांचे पाकीट ठेवण्यास घरच्यांची तयारी आहे का, हे साप आणण्यापूर्वीच विचारलेले बरे.

हाताळणी आणि एक गंभीर धोका

नवा साप घरी आल्यावर आठ-दहा दिवस त्याला मुळीच हात लावू नये. त्याने एकदा अन्न घेतले, ते पचले, की मग थोडी थोडी हाताळणी सुरू करावी. अन्न दिल्यानंतर दोन दिवस त्याला उचलू नये. बॉल पायथन हातात शांत बसतो. पिल्लू घाबरलेले असले, तरी चावण्याऐवजी बहुधा गोळा होते. कॉर्न स्नेकचे पिल्लू सुरुवातीला चुळबुळ करते, शेपटी थरथरवते, क्वचित चावते. पुढे ते निवळते. दोघांपैकी कोणालाही हाताळल्यावर साबणाने हात धुणे आवश्यक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांनी विशेष जपावे.

खरा धोका मात्र पेटीबाहेर आहे. पाळलेल्या बिनविषारी सापाला रोज हातात घेणाऱ्याची भीड चेपते आणि मग रानातला सापही तो त्याच सहजतेने उचलायला जातो. घोणसीचे पिल्लू अजगराच्या पिल्लासारखे किंवा डुरक्या घोणशीसारखे दिसते. मण्यार आणि निरुपद्रवी कवड्या यांत अनेकांची गल्लत होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही साप महाराष्ट्रात आढळतात. कॉर्न स्नेक हाताळता आला म्हणून सर्पमित्र होता येत नाही. घरात किंवा शेतात साप निघाला, तर त्याच्यापासून दूर राहून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि प्रशिक्षित सर्पमित्राची वाट पाहावी.

बिस्किटांच्या पुड्यातले साप

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून अकरा साप जप्त केले. बिस्किटे आणि केक यांच्या पाकिटांत ते दडवलेले होते. त्यांत नऊ बॉल पायथन होते आणि दोन कॉर्न स्नेक. नवशिक्यांच्या पसंतीच्या नेमक्या याच दोन जाती एकाच सामानात सापडाव्यात, यावरून त्यांच्या बाजारपेठेची कल्पना येते. चोरट्या मार्गाने आलेले साप भुकेले, आजारी आणि परोपजीवींनी ग्रासलेले असतात. स्वस्त मिळालेला असा साप अल्पावधीत दगावला तर नवल नाही.

कायद्याच्या दृष्टीने दोघांत फरक आहे. संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात बॉल पायथनचा समावेश आहे. त्यामुळे तो वन्यजीव अधिनियमाच्या चौथ्या परिशिष्टाखाली येतो आणि त्याच्या मालकाला कलम ४९ ‘एम’नुसार नोंदणी करावी लागते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ही नोंदणी ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर करायची असून, साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करणे बंधनकारक आहे. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी त्याची माहिती द्यावी लागते. कॉर्न स्नेक ‘साइट्स’च्या यादीत नसल्याने त्याला ही नोंदणी लागू होत नाही. मात्र विनापरवाना आयात त्याच्याबाबतीतही बेकायदाच आहे. म्हणून कोणताही साप घेताना विक्रेत्याकडून लेखी पावती, सापाच्या मूळ आयातीची किंवा भारतात झालेल्या पैदाशीची कागदपत्रे आणि बॉल पायथनच्या बाबतीत विक्रेत्याच्या नावावरील नोंदणी मागून घ्यावी. ‘कागद नंतर पाठवतो’ असे सांगणाऱ्याकडून साप घेऊ नये.

रंगांच्या मोहाबाबतही सावध राहिलेले बरे. दोन्ही जातींत निवडक पैदाशीतून शेकडो रंगरूपे निर्माण केली गेली आहेत. बॉल पायथनमधील ‘स्पायडर’ नावाच्या रूपाला जन्मजात मज्जादोष असतो. डोके हलत राहते, तोल जातो, भक्ष्यावर नेम बसत नाही. दिसायला देखणा म्हणून असा साप निवडणे हे त्या प्राण्यावर अन्याय करणारे आहे.

वीस वर्षांची जबाबदारी

कॉर्न स्नेक चांगल्या देखभालीत पंधरा ते वीस वर्षे जगतो. बॉल पायथन वीस ते तीस वर्षे. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एका खासगी मालकाकडून आलेल्या बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, अंडी घातली. त्याआधी किमान पंधरा वर्षे ती नराच्या सहवासात नव्हती. दहावीतल्या मुलाने आणलेला साप, मुलगा शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेल्यावर आई-वडिलांच्या गळ्यात पडणार आणि पुढे त्याच्या संसारातही त्याला जागा लागणार, एवढा हा दीर्घ व्यवहार आहे.

सांगलीकरांना आणखी एक विचार करावा लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचा पूर शहरात शिरला. घर सोडण्याची वेळ आली, तर सापाची पेटी कोठे नेणार आणि निवारा केंद्रात किंवा नातेवाइकांकडे तिला कोण थारा देणार? निसटलेला बॉल पायथन शेजाऱ्यांच्या नजरेला घोणसच वाटणार आणि तिच्यासारखाच काठीखाली जाणार. नकोसा झालेला साप रानात सोडणे हा तर आणखी मोठा अपराध. अमेरिकेतील फ्लोरिडात सुटलेल्या ब्रह्मदेशी अजगरांनी एव्हरग्लेड्सच्या पाणथळ प्रदेशातील सस्तन प्राण्यांची जी वाताहत केली, ती जगापुढे आहे. सह्याद्रीत असा प्रयोग होता कामा नये.

उपचारांची सोय हा शेवटचा मुद्दा. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावच्या पशुवैद्यकांचे रोजचे काम मात्र गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचे. सापावर उपचार करू शकणारा पशुवैद्य आपल्या आवाक्यात आहे का, याची चौकशी साप आणण्यापूर्वीच करावी.

मग निवड कोणाची?

सर्व बाजू पाहता, सातारा-सांगलीतील नवशिक्यासाठी कॉर्न स्नेक हा दोघांतला सोपा साप ठरतो. तो अन्न सहसा नाकारत नाही, थोडी थंडी सोसतो, नोंदणीची गुंतागुंत कमी आहे आणि त्याच्या हालचाली पाहण्यात आनंदही आहे. पेटीला घट्ट कुलूपबंद झाकण आणि उन्हाळ्यात थंड खोली, एवढे त्याचे मुख्य मागणे. संथ, हातात निवांत बसणारा साप ज्याला हवा आहे, ज्याच्याकडे उष्णता आणि ओलावा राखण्याची खात्रीची साधने आहेत आणि साप महिनाभर जेवला नाही तरी धीर न सोडण्याचा स्वभाव आहे, त्याने बॉल पायथनचा विचार करावा.

कागदपत्रे, भक्ष्य, पशुवैद्य आणि वीस वर्षे यांपैकी एकाचीही खात्री नसेल, तर दोन्ही साप दुकानातच राहिलेले बरे. सापाची आवड तेवढ्याने वाया जात नाही. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली उभे राहिलेले कात्रजचे सर्पोद्यान साताऱ्याहून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. चांदोली आणि कोयनेचे जंगल तर दाराशीच आहे. बांधावरून सळसळत गेलेली धामण दुरून ओळखता येणे, तिला काठी न मारणे आणि शेजाऱ्यालाही मारू न देणे, एवढे साधले तरी या मुलुखातील सापांचे मोठे रक्षण होईल.